कर्नाकच्या भिंतींवरचे मीठ

इजिप्तमधील कर्नाकच्या मंदिरात शिरलेला प्रवासी बहुधा मान वर करूनच हिंडतो. त्याला इलाजही नाही. एका सभामंडपात 134 खांब उभे आहेत, त्यांपैकी मधले 12 सुमारे 21 मीटर उंच, म्हणजे सहासात मजली इमारतीइतके. मार्गदर्शक वर बोट दाखवून राजांची नावे सांगत असतो आणि सगळा जथा वर पाहत पुढे सरकत असतो. या लेखात मात्र आपण खाली पाहणार आहोत. जमिनीपासून पुरुषभर उंचीपर्यंतचा भिंतीचा पट्टा नीट पाहिला, तर तीन हजार वर्षे टिकलेला दगड कशाने खचतो हे कळते. त्या खचण्यामागचे भौतिकशास्त्र आपल्या शाळेच्या भिंतीवरही पाहायला मिळते.

मंदिराची ओळख

कर्नाक हे नाईलच्या पूर्व काठावर, लक्सॉर शहराच्या उत्तर बाजूला आहे. प्राचीन काळी ही राजधानी थीब्ज होती. कर्नाक म्हणजे एक मंदिर नव्हे, तर मंदिरांचा समूह. आमुन-रे या देवाचे आवार त्यात सर्वांत मोठे. इ.स.पू. 2000 च्या सुमारास येथे बांधकामाला सुरुवात झाली आणि टॉलेमी राजांच्या काळापर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षे, एकामागून एक राजे त्यात भर घालत राहिले. कोणी प्रवेशद्वार बांधले, कोणी जुने पाडून त्याचेच दगड नव्या भिंतीत भरले. त्यामुळे हे मंदिर एखाद्या खडकाच्या थरांसारखे वाचावे लागते. पश्चिमेच्या दारातून आत जाताना आपण नव्याकडून जुन्याकडे जात असतो.

134 खांबांचा तो मंडप सेती पहिला आणि त्याचा मुलगा रामेसिस दुसरा यांच्या काळातला, म्हणजे इ.स.पू. तेराव्या शतकातला. मधले उंच खांब उमललेल्या पपायरस फुलासारखे आहेत, तर बाजूचे बुटके खांब मिटलेल्या कळीसारखे. उंचीतील फरकामुळे मधल्या छताच्या बाजूंना जाळीदार झरोके ठेवता आले. त्यांतून प्रकाश फक्त मधल्या वाटेवर पडत असे आणि बाजूला अंधार राही. प्रकाशात फूल उमललेले आणि अंधारात कळी मिटलेली, अशी ती रचना आहे. इजिप्तच्या लोकांची समजूत अशी की, आरंभी सर्वत्र पाणी होते आणि त्यातून पहिला उंचवटा वर आला. मंदिर हे त्या उंचवट्याचे रूप आणि खांब हे त्याच्या काठच्या दलदलीतले पपायरस.

ही समजूत आणि प्रत्यक्ष जागा यांचे नाते पुढे आलेल्या संशोधनाने अधिक मनोरंजक केले आहे. मंदिरात आणि आसपास 61 ठिकाणी जमिनीत नळ्या घालून काढलेल्या गाळाच्या नमुन्यांचा अभ्यास 2025 साली प्रसिद्ध झाला. त्यावरून दिसते की, इ.स.पू. 2520 च्या आधी ही जागा नाईलच्या जोरदार पुराखाली जात असे, त्यामुळे तिथे कायमची वस्ती शक्य नव्हती. पुढे नदीच्या प्रवाहांच्या मधोमध एक उंचवटा शिल्लक राहिला आणि मंदिर त्यावर उभे राहिले. थोडक्यात, या मंदिराचा पाण्याशी संबंध पहिल्या दिवसापासूनचा आहे.

दगड आणि मातीचा उतार

कर्नाकचा बहुतेक दगड वालुकाश्म आहे. तो सुमारे दीडशे किलोमीटर दक्षिणेला, जेबेल एल-सिलसिला येथील नदीकाठच्या खाणींतून आला. दगड होडीत भरायचा आणि प्रवाहाबरोबर उत्तरेला सोडायचा. पुराच्या दिवसांत पाणी मंदिराच्या अगदी जवळ येत असे, त्यामुळे वाहतूक सोपी होई.

ओबेलिस्क, म्हणजे एकाच दगडातून घडवलेले टोकदार स्तंभ, मात्र अस्वानच्या ग्रॅनाइटचे आहेत. राणी हॅटशेपसुतचा जो ओबेलिस्क आजही उभा आहे, तो सुमारे 29.5 मीटर उंच असून त्याचे वजन 320 टनांच्या आसपास आहे. त्याच्या पायथ्याशी कोरलेल्या लेखानुसार खाणकामाला सात महिने लागले. लोखंडाची हत्यारे नसताना डोलेराइट या कठीण दगडाच्या गोट्यांनी ठोकून ठोकून ग्रॅनाइट कोरला जात असे. अस्वानच्या खाणीत सुमारे 42 मीटर लांबीचा एक अपुरा ओबेलिस्क अजून पडून आहे. काम चालू असताना त्याला तडे गेले आणि तो तसाच सोडून देण्यात आला. त्याच्या अंगावर त्या ठोकण्याच्या खुणा स्पष्ट दिसतात.

एवढे दगड वर कसे चढवले, हा विद्यार्थ्यांचा हमखास प्रश्न. त्याचे उत्तर कर्नाकच्या पहिल्याच दारामागे पडलेले आहे. हे दार तिसाव्या राजवंशातील, इ.स.पू. चौथ्या शतकातले, आणि अपुरे राहिलेले. त्याच्या आतल्या बाजूला कच्च्या विटांच्या उताराचे अवशेष आजही दिसतात. भिंत जसजशी वाढे तसतसा विटामातीचा उतार वाढवायचा, त्यावरून दगड ओढायचे आणि काम संपले की उतार काढून टाकायचा. येथे कामच संपले नाही, म्हणून उतार राहून गेला. प्रवाशांनी ही जागा चुकवू नये.

पुराची वही

आफ्रिकेच्या पूर्व भागातील, मुख्यतः इथिओपियाच्या डोंगरांवरील पावसाळी पाण्यामुळे नाईलला दरवर्षी पूर येई. जूनअखेरीस पाणी चढू लागे आणि ऑगस्ट-सप्टेंबरात पूर भरास येई. कर्नाकच्या पश्चिम दारासमोर जुना धक्का आहे. त्याच्या दगडांवर सुमारे 45 नोंदी कोरलेल्या आहेत. त्यांत राजाचे नाव, राज्यवर्ष आणि त्या वर्षी पाणी कोठवर आले त्याची खूण आहे. या नोंदी बाविसाव्या ते सव्विसाव्या राजवंशाच्या काळातल्या, म्हणजे साधारण इ.स.पू. दहावे ते सातवे शतक या काळातल्या आहेत. जलविज्ञानाची इतकी जुनी वही जगात फार थोड्या ठिकाणी सापडेल.

पूर नुसते पाणी आणत नसे, गाळही आणत असे. त्या गाळाने नदीचे पात्र आणि आसपासचे मैदान शतकाला साधारण 10 सेंटीमीटर या गतीने वर चढत गेले. तीन हजार वर्षांत ही भर सुमारे तीन मीटर होते. मंदिराची फरशी मात्र जिथल्या तिथेच राहिली. बांधले तेव्हा उंचावर असलेले मंदिर हळूहळू भोवतालच्या जमिनीच्या तुलनेत खोलगट जागी आले आणि भूजल त्याच्या पायाच्या जवळ पोचले.

3 ऑक्टोबर 1899 रोजी, पुराच्याच हंगामात, त्या मोठ्या मंडपातील 11 खांब कोसळले. एवढ्या वजनदार खांबांचे पाये त्यांच्या मानाने उथळ होते आणि त्यांत जुन्या इमारतींचे लहान लहान दगड भरलेले होते. जॉर्ज लग्राँ या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने पुढे ते खांब पुन्हा उभे केले. त्यासाठी त्याने मातीचे उतार रचले, म्हणजे मूळ बांधणाऱ्यांचीच पद्धत वापरली. याच लग्राँला 1903 साली मंदिराच्या एका चौकात पुरलेला प्रचंड साठा सापडला: 700 हून अधिक दगडी पुतळे आणि हजारो कांस्यवस्तू. त्या खड्ड्यात भूजल भरलेले असल्याने मजुरांना गुडघाभर चिखलपाण्यात उभे राहून पुतळे काढावे लागले.

पाणी वर कसे चढते

आता भिंतीच्या त्या खालच्या पट्ट्याकडे येऊ. वर कोरीव काम ठसठशीत आहे, काही ठिकाणी रंगसुद्धा टिकला आहे. खाली मात्र रेषा पुसट होतात, दगडाचे पापुद्रे सुटलेले दिसतात, कोठे कोठे पांढरी भुकटी दिसते. बोट लावले तर वाळू सुटून येईल. (बोट अर्थातच लावू नये.) पाऊस जवळजवळ पडतच नाही अशा प्रदेशात हे नुकसान खालून वर का चढते?

वालुकाश्म म्हणजे वाळूचे कण आणि त्यांना चिकटवून ठेवणारे थोडेसे द्रव्य. कणांच्या मधे बारीक पोकळ्या असतात. एका परीने हा दगड म्हणजे हजारो वेड्यावाकड्या केशनळ्यांचा जुडगाच. केशनळीत पाणी किती चढेल याचे सूत्र अकरावीच्या विद्यार्थ्यांना माहीत असते. चढण्याची उंची नळीच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असते. पाण्याचा पृष्ठताण मीटरला 0.072 न्यूटन धरला, तर 0.1 मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत पाणी सुमारे 15 सेंटीमीटर चढते. त्रिज्या 0.01 मिलिमीटर असेल तर दीड मीटर, आणि 0.001 मिलिमीटर असेल तर 15 मीटर.

मग खांब शेंड्यापर्यंत ओले का होत नाहीत? हा प्रश्न वर्गात अवश्य विचारावा. उत्तर असे की, पाणी चढत असतानाच भिंतीच्या पृष्ठभागावरून त्याची वाफ होत असते. शिवाय पोकळ्या जितक्या बारीक, तितके त्यांतून पाणी सावकाश सरकते. जितके पाणी खालून येते तितके बाजूने उडून जाते, त्या उंचीवर ओल थांबते. लक्सॉरची हवा कोरडी आहे, म्हणून ओलीचा पट्टा भिंतीच्या खालच्या भागापुरताच राहतो. पण कोरडी हवा दुसरे एक काम करते: ती पंपासारखी सतत पाणी ओढत राहते. आणि पाणी उडून गेले तरी त्यात विरघळलेले क्षार उडत नाहीत.

एक हिशेब करून पाहू. समजा, भिंतीच्या एक मीटर लांबीतून रोज एक लिटर पाण्याची वाफ होते आणि त्या भूजलात लिटरमागे एक ग्रॅम मीठ आहे. वर्षाला भिंतीत 365 ग्रॅम मीठ जमा होईल. पन्नास वर्षांत हा आकडा अठरा किलोच्या वर जातो. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण गोष्ट कशी वाढत जाते हे त्यावरून ध्यानात येईल.

मीठ दगड कसा फोडते

पाण्याचे बर्फ होताना आकारमान वाढते आणि म्हणून बाटली फुटते, हे आपण शिकवतो. त्यामुळे मीठही तसेच फुगून दगड फोडत असावे, असे विद्यार्थी धरून चालतात. साध्या मिठाच्या बाबतीत हे खरे नाही. द्रावणातून स्फटिक वेगळे होताना आकारमानात बर्फासारखी वाढ होत नाही. खरे कारण जास्त बारीक आहे.

पोकळीत वाढणारा स्फटिक आणि पोकळीची भिंत यांच्यामध्ये द्रावणाचा अत्यंत पातळ थर टिकून असतो. द्रावण अतिसंपृक्त असेल, तर त्या थरातूनही स्फटिकावर नवे कण बसत राहतात. स्फटिक भिंतीला टेकला तरी वाढ थांबत नाही आणि तो भिंतीला ढकलू लागतो. द्रावण जितके अधिक अतिसंपृक्त, तितका दाब जास्त. आता दगडाची गंमत अशी की, तो दाबला असता फार सोसतो, पण ताणला असता थोडक्यात हार मानतो. पोकळीच्या आतून बाहेर ढकलणे म्हणजे दगडाला ताणणेच. कणांमधली पकड सुटते आणि दगडाची पुन्हा वाळू होते.

सारे काही स्फटिक कोठे तयार होतात यावर अवलंबून असते. ओल पृष्ठभागापर्यंत पोचून तिथे वाळली, तर मीठ बाहेर पांढऱ्या बुरशीसारखे साचते. ते दिसायला वाईट, पण त्याने नुकसान थोडे. बाष्पीभवन जोरात असेल, तर पाणी पृष्ठभागाच्या थोडे आतच वाळते आणि स्फटिक कातडीखाली तयार होतात. मग वरचा पापुद्रा सुटतो. कोरीव काम नेमके त्याच पापुद्र्यात असते.

एकदा साठलेले मीठ नुसते बसूनही राहत नाही. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतले पाणी ओढून विरघळते, खाली आली की पुन्हा त्याचे स्फटिक होतात. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते ते याचमुळे. आर्द्रता ही सीमा जितक्या वेळा ओलांडेल, तितक्या वेळा दगडाच्या आत हा खेळ होतो. सोडियम सल्फेटची तऱ्हा आणखी वेगळी. सुमारे 32 अंश सेल्सिअसच्या खाली त्याचा एक रेणू पाण्याचे दहा रेणू घेऊन स्फटिक होतो आणि त्याचे आकारमान कोरड्या रूपाच्या सुमारे चौपट असते. दिवसा तापणाऱ्या आणि रात्री निवणाऱ्या वाळवंटात ही सीमा वारंवार ओलांडली जाते.

याउलट कायम पाण्यात बुडालेल्या दगडात बाष्पीभवन नाही, म्हणून स्फटिकही नाहीत. दगडाचा खरा शत्रू पाणी किंवा मीठ एकेकटे नव्हे, तर त्यांचे येणेजाणे आहे. ग्रॅनाइटमध्ये पोकळ्या फारच थोड्या, त्यामुळे शेजारचा ओबेलिस्क या त्रासातून बराच सुटला.

धरण झाल्यावर

अस्वानचे मोठे धरण 1960 ते 1970 या काळात बांधले गेले आणि 1964 पासून इजिप्तमधील नाईलचा वार्षिक पूर थांबला. धरणाने दुष्काळात धान्य दिले, वीज दिली, बारमाही शेती दिली. त्याची किंमत काय होती हे मोजताना कर्नाकचा पाया हे एक कलम धरावे लागते.

पूर्वी पूर ओसरला की नदीची पातळी बरीच खाली जाई आणि तिच्या मागोमाग भूजलही उतरे. वरून आलेले गोडे पाणी काही क्षार घेऊन खाली निघून जाई. धरणानंतर नदीची पातळी वर्षभर जवळपास सारखी राहू लागली. मंदिराभोवतीच्या शेतांत बारमाही पाणी आले, ऊस आला, गाव वाढले, सांडपाणी वाढले. भूजल वर येऊन तिथेच थांबले. क्षार धुऊन नेणारा प्रवाह थांबला आणि ओढून घेणारे बाष्पीभवन मात्र चालूच राहिले.

ही गोष्ट आपल्याला परकी वाटू नये. कृष्णाकाठच्या सांगली-कोल्हापूर भागात उसाला वर्षानुवर्षे पाणी देऊन जमिनी क्षारपड झाल्या, त्यामागची क्रिया हीच आहे. तिथे पांढरा थर शेतावर दिसतो, कर्नाकला भिंतीवर दिसतो.

उपाय आणि त्यांतल्या अडचणी

सहज सुचणारा उपाय म्हणजे ढासळलेल्या भागाला सिमेंटचा गिलावा करणे. विसाव्या शतकात जगभर अनेक जुन्या वास्तूंवर तो केला गेला आणि तो महागात पडला. सिमेंट पोकळ्या बुजवते. बाजूने वाफ होण्याची वाट बंद झाली की पाणी आणखी वर चढते आणि आजवर धड असलेला दगड खराब होऊ लागतो. शिवाय सिमेंटमध्ये स्वतःचे क्षार असतात ते वेगळेच.

खरा उपाय भूजल उतरवण्याचा. अमेरिकेच्या मदतीने कर्नाक आणि लक्सॉर या दोन्ही मंदिरांभोवती चर खणून, त्यांत सच्छिद्र नळ टाकून, साठलेले पाणी पंपाने बाहेर काढण्याची योजना झाली. ती 2006 साली सुरू झाली. पण हेही काम घाईने करण्याजोगे नव्हते. पाणी एकदम उतरले तर जमीन असमान खचू शकते. आणि भिंत वाळू लागली की आत विरघळलेल्या सगळ्या मिठाचे स्फटिक होण्याची वेळ येते, म्हणजे बरे होताना दुखणे काही काळ वाढते. म्हणून भिंती आणि जमीन यांवर बारकाईने लक्ष ठेवावे लागते. साठलेले मीठ काढण्यासाठी कागदाचा किंवा मातीचा ओला लगदा दगडावर थापतात. लगदा वाळताना मीठ ओढून घेतो, मग तो काढून नवा थापतात. सुटे पडलेले कोरीव दगड ओल न चढणाऱ्या ओट्यांवर उचलून ठेवले जातात.

जे वाचणार नाही त्याची निदान नोंद तरी राहावी, यासाठी शिकागो विद्यापीठाचे पथक 1924 पासून लक्सॉरला काम करते आहे. आधी छायाचित्र, मग त्यावर शाईने रेखाटन, मग छायाचित्र धुऊन काढून उरलेले रेखाटन पुन्हा भिंतीपाशी नेऊन ओळ न् ओळ पडताळणे, असा त्यांचा पारंपरिक क्रम आहे. काही भिंतींवरची अक्षरे आज फक्त अशा नोंदींत उरली आहेत.

वर्गात करून पाहा

भाजलेल्या विटेचे सारख्या आकाराचे दोन तुकडे घ्या. दोन ताटल्यांत दोन सेंटीमीटर पाणी घाला. एकीत साधे पाणी, दुसरीत मिठाचे संपृक्त द्रावण (100 मिलिलिटर पाण्यात सुमारे 36 ग्रॅम मीठ). तुकडे उभे ठेवा आणि रोज ओलीची उंची मोजा. द्रावण आटले की फक्त साधे पाणी घालून पातळी राखा. दोनतीन आठवड्यांत मिठाचा पट्टा कोठे जमतो ते पाहा. नंतर मिठाचा तुकडा वाळवा, साध्या पाण्यात भिजवा, पुन्हा वाळवा, असे दहापंधरा वेळा करून सुटलेली भुकटी तोला. विटेचा आणखी एक तुकडा बाजूंनी मेण लावून त्याच द्रावणात उभा करा, फक्त वरचा आणि खालचा पृष्ठभाग मोकळा ठेवा. त्यात ओल किती वर चढते? सिमेंटच्या गिलाव्याचा धडा त्यात सापडेल.

शाळेच्या इमारतीत खार फुटलेली भिंत असेल, तर खडूने ओलीच्या वरच्या कडेवर रेघ मारून तारीख लिहा. मे, ऑगस्ट आणि जानेवारी अशा तीन वेळा ती रेघ मारता येईल. कर्नाकच्या धक्क्यावर पुराची खूण कोरणाऱ्या लेखनिकांनी याहून वेगळे काही केले नव्हते.